रोमची कारंजी: पाण्याच्या उताराने दोन फेऱ्या

रोममध्ये कारंजी बघायला जाणारे बहुतेक जण त्रेव्हीसमोर फोन उंच धरून उभे राहतात, पियात्सा नावोना या चौकात आइस्क्रीम खातात आणि पुढच्या चर्चकडे वळतात. त्यात काही गैर नाही. पण या शहरातल्या कारंज्यांचे आकार शिल्पकाराच्या मर्जीने जितके ठरले, तितकेच पाण्याच्या जोराने ठरले. एक कारंजं आभाळाकडे उडतं, दुसरं जमिनीत खचलेल्या होडीसारखं बसतं, तिसऱ्याच्या दगडांतून पाणी नुसतं ओघळतं. यामागचं कारण कळलं की ओळीने दहा कारंजी बघितली तरी कंटाळा येत नाही. म्हणून खालचा मार्ग ‘टॉप टेन’च्या यादीवरून न आखता उतारावरून आखला आहे. एक फेरी सकाळची, एक दुपार कलल्यावरची. दोन्ही मिळून सहा-सात किलोमीटरची चाल होते. शेवटचा चढ सोडला तर जवळपास सगळी वाट सपाट किंवा उताराची आहे.

आधी एवढं समजून घ्या

जुन्या रोमच्या कारंज्यांना पंप नव्हते. दूरच्या झऱ्यातून किंवा तळ्यातून बांधीव नळाने पाणी शहरात यायचं आणि केवळ उताराच्या जोरावर उडायचं. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून, मधे मधे हवा सुटायला उच्छ्वास ठेवून, शहरातल्या हौदांपर्यंत आणि शनिवारवाड्यापर्यंत आणलं, ते याच तत्त्वावर. नळ जितक्या उंचीवर शहरात शिरतो, तितकी कारंज्याची धार वर जाते.

या दोन फेऱ्यांत तीन नळ लक्षात ठेवायचे.

पहिला आक्वा व्हेर्जिने. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा याने हा इ.स.पू. 19 मध्ये बांधून पुरा केला. शहराच्या पूर्वेच्या झऱ्यांपासून वीस किलोमीटरहून थोडा जास्त, आणि बहुतेक जमिनीखालून. झरे समुद्रसपाटीपासून जेमतेम 24 मीटरवर आहेत आणि शहरात पाणी पोचतं ते 20 मीटरच्या आसपास. म्हणजे एवढ्या लांबीत उतार फक्त चार मीटरचा! पाणी भरपूर, पण जोर नाही. 537 मध्ये गॉथ टोळ्यांनी वेढा घालून रोमचे नळ तोडले, तेव्हा जमिनीखाली असल्यामुळे हाच त्यातल्या त्यात वाचला. पोप निकोलस पाचवा याने 1453 मध्ये त्याची दुरुस्ती करवली.

दुसरा आक्वा फेलिचे. पोप सिक्स्टस पाचवा याने 1587 मध्ये हा सुरू केला. पोप होण्यापूर्वीचं त्याचं नाव फेलिचे पेरेत्ती होतं, तेच नळाला दिलं. हे पाणी बरंच उंचावरून येतं. त्याआधी कित्येक शतकं शहराच्या टेकड्यांवर नळाचं पाणीच नव्हतं आणि वस्ती सगळी नदीकाठच्या सखल भागात दाटलेली होती.

तिसरा आक्वा पाओला, पोप पॉल पाचवा याचा. सम्राट ट्राजनचा जुना नळ दुरुस्त करून ब्राच्चानो तळ्याच्या बाजूचं पाणी त्याने टायबर नदीच्या पलीकडच्या जानिकोलो टेकडीवर आणलं. तिघांत सगळ्यात उंच हाच.

आज मोठ्या कारंज्यांत पाणी पंपाने फिरवलेलं असतं, त्यामुळे धारेचा जोर बघून नळ ओळखता येईलच असं नाही. आकार मात्र जुन्या जोराचेच राहिले आहेत.

आणखी एक खूण. प्रत्येक पोपने आपल्या घराण्याचं चिन्ह कारंज्यावर कोरून ठेवलं आहे. मधमाश्या दिसल्या की बार्बेरीनी घराणं, म्हणजे पोप अर्बन आठवा. चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबूतर म्हणजे पाम्फिली, पोप इनोसंट दहावा. गरुड आणि ड्रॅगन म्हणजे बोर्गेझे, पोप पॉल पाचवा. आपल्याकडे नळ योजनेच्या कोनशिलेवर नगरसेवकाचं नाव असतं, त्याच जातीचा हा प्रकार. फक्त कारागीर बरे मिळाले.

तयारी

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे चांगले दिवस. मे महिन्याच्या सुटीत जाणाऱ्यांना हवा छान मिळते, गर्दीही मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी चालणं टाळा. रोमचं ऊन नागपूरचं नव्हे, पण दगडी रस्ते तापतात आणि सावली कमी.

जाड तळाचे, आधी वापरून सैल झालेले बूट घाला. जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडाच्या छोट्या घनांचे आहेत. त्यांच्या फटींत चपलेची टाच अडकते आणि पावसात ते निसरडे होतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दोन फेऱ्या दोन वेगळ्या दिवशी ठेवा.

सोबत रिकामी बाटली घ्या, भरलेली नको. शहरात साधारण अडीच हजार ‘नासोने’ आहेत. नासोने म्हणजे मोठं नाक. फूटपाथवरचा बिडाचा साधारण कमरेएवढा खांब, त्याला वाकडी तोटी आणि त्यातून रात्रंदिवस वाहणारं थंडगार पिण्याचं पाणी. पहिले नासोने 1874 मध्ये बसले. पाणी प्यायला वाकायचं नाही. तोटीचं तोंड खालून बोटाने दाबून धरायचं, की तोटीच्या वरच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडते आणि थेट तोंडात घेता येते. पहिल्यांदा दाबताना शर्टाच्या बाहीवर पाणी उडतंच. पोरांना हा खेळ त्रेव्हीपेक्षा जास्त आवडतो. जिथे ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी असेल तिथलं पाणी मात्र पिऊ नका.

मेट्रोत संपर्करहित बँक कार्ड थेट फाटकावर टेकवून जाता येतं. कागदी तिकीट घेतलं तर बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर तपासनीस दंड करतो. सकाळच्या फेरीसाठी मेट्रोची ए लाइन कामाची आहे.

पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. त्रेव्ही, स्पॅनिश पायऱ्या आणि तेर्मिनी स्टेशनच्या मेट्रोत खिसेकापू सराईत असतात. सगळे वर बघत असतात अशा ठिकाणी त्यांचा धंदा चालतो, आणि कारंज्यासमोर सगळे वरच बघतात.

शाकाहाऱ्यांसाठी पिझ्झा तुकड्याने विकणारी दुकानं मोठा आधार. मार्गेरीता आणि मारिनारा डोळे झाकून घ्या. मारिनारावर चीजही नसतं. सुप्ली नावाचा भाताचा तळलेला वडा दिसायला निरागस असतो, पण त्यात बहुधा मांसाचा रस्सा घातलेला असतो. विचारूनच घ्या. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे चार शब्द पाठ करून ठेवा. कॉफी काउंटरवर उभं राहून प्या. टेबलावर बसलात की तीच कॉफी कितीतरी महाग पडते, आणि चौकात कारंजं समोर दिसत असेल तर त्याहून महाग.

पहिली फेरी, सकाळी: टेकडीवरून त्रेव्हीपर्यंत

मेट्रोने रेपुब्लिका स्टेशनला उतरा. सहा-साडेसहाला सुरुवात केली तर उत्तम, सातनंतर निघणार असाल तर त्रेव्हीला गर्दी गाठणारच.

*रेपुब्लिका चौक.* वर आल्याबरोबर गोल चौकाच्या मध्यभागी नायादींचं कारंजं दिसतं. हे या फेरीतलं सगळ्यात तरुण कारंजं. ब्राँझच्या चार जलदेवता मारिओ रुतेल्लीने घडवल्या आणि 1901 मध्ये बसवल्या. एकीजवळ हंस म्हणजे तळी, एकीजवळ घोडा म्हणजे समुद्र, तिसरी जलराक्षसावर म्हणजे नद्या आणि चौथी ड्रॅगनवर म्हणजे भूगर्भातलं पाणी. त्या विवस्त्र आणि ऐसपैस पहुडलेल्या असल्यामुळे तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. इथे दहा मिनिटं पुरेत. भोवती वाहनं फिरत असतात, रस्ता जपून ओलांडा.

*मोझेसचं कारंजं.* चौकातून सान बेर्नार्दो चौकाकडे पाच मिनिटं चाललात की आक्वा फेलिचेचा शहरातला पहिला देखावा समोर येतो. दोमेनिको फोंतानाने 1585 ते 1588 या काळात बांधलेली तीन कमानींची ही भिंत विजयकमानीसारखी आहे, आणि वर भल्यामोठ्या अक्षरांत सिक्स्टसचं नाव. मधल्या कमानीतला मोझेस बुटका आणि रुंद दिसतो. लोकांनी तो बसवला तेव्हाच त्याची टर उडवली होती आणि ती टर रास्त होती असं माझं मत आहे. पण हे कारंजं सौंदर्यासाठी बघायचं नाहीच. टेकडीवर पाणी आलं, ते मी आणलं, हे सांगणारा हा फलक आहे. शेजारच्या सान्ता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमध्ये शिल्पकार बर्निनीने घडवलेली संत तेरेसा आहे. दार उघडं असेल तर आत डोकवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

*क्वात्त्रो फोंताने.* आता क्विरिनाले राजवाड्याच्या दिशेने सरळ चालत एका चौरस्त्यावर या. चारी कोपऱ्यांच्या इमारतींत एकेक कारंजं कोरलेलं आहे: दोन नदीदेव, दोन देवी. फूटपाथ चिंचोळा, गाड्या अंगावरून जाणाऱ्या, त्यामुळे सकाळीच इथे उभं राहायला जमतं. चौरस्त्याच्या मध्याजवळून तीन दिशांना तीन दूरचे ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी स्तंभ, दिसतात. हा सरळसोट रस्ता सिक्स्टसनेच आखला होता. कोपऱ्यावरचं छोटं चर्च वास्तुकार बोर्रोमिनीचं. हे नाव लक्षात ठेवा, दुसऱ्या फेरीत त्याच्याबद्दलची एक खोटी गोष्ट ऐकायला मिळेल.

*बार्बेरीनी चौक.* त्याच रस्त्याने उतरत खाली या. इथला त्रितोने, म्हणजे समुद्रदेव त्रितोनचं कारंजं, मला रोममधला सगळ्यात चोख वाटतो. बर्निनी, 1642-43. चार डॉल्फिन शेपट्या वर करून एक उघडा शिंपला पेलतात, त्यावर गुडघ्यांवर बसलेला त्रितोन मान मागे टाकून शंख फुंकतो आणि शंखातून पाणी सरळ वर जातं. पाणी फेलिचेचं, म्हणून ही रचना शक्य झाली. जवळ जाऊन डॉल्फिनच्या शेपट्यांमध्ये बघा: पोपचा मुकुट, किल्ल्या आणि मधमाश्या कोरलेल्या आहेत.

चौकाच्या कोपऱ्यात, व्हिया व्हेनेतो या रस्त्याच्या तोंडाशी, मधमाश्यांचं छोटं कारंजं आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. 1644 चं, बर्निनीचंच, पण आज दिसतं ते विसाव्या शतकात पुन्हा जोडलेलं. त्यावरच्या लॅटिन मजकुराचा आशय असा की शहराच्या शोभेसाठी एक कारंजं बांधलं, आता लोकांच्या सोयीसाठी हे वेगळं. म्हणजे त्रितोने बघायला आणि हे पाणी भरायला. याची एक गंमत सांगतात. पोपच्या कारकिर्दीचं एकविसावं वर्ष संपायच्या आधीच दगडावर रोमन आकड्यांत ‘XXII’, म्हणजे 22, कोरलं गेलं. लोक म्हणाले, हा अपशकुन. मग एक रेघ घाईने खरवडून काढली. पण अर्बन 29 जुलै 1644 ला वारलाच, बाविसावं वर्ष लागायला आठच दिवस उरले असताना.

*स्पॅनिश पायऱ्या आणि बार्काच्चा.* व्हिया सिस्तीनाने त्रिनिता दे मोन्ती चर्चपर्यंत जा आणि पायऱ्या उतरा. पायऱ्यांवर बसायला 2019 पासून बंदी आहे. पोलीस शिट्टी मारून उठवतात, दंडही करतात, तेव्हा दमला असाल तरी टेकू नका.

वर होतात तोवर फेलिचेच्या मुलखात होतात. खाली आलात की व्हेर्जिनेचा मुलूख, आणि फरक लगेच दिसतो. बार्काच्चा ही जमिनीच्या पातळीखाली अर्धी बुडालेली दगडी होडी आहे, 1627 ते 1629 मधली. मुख्य काम पिएत्रो बर्निनीचं, म्हणजे प्रसिद्ध बर्निनीच्या वडिलांचं. 1598 च्या महापुरात टायबरने एक होडी इथे आणून टाकली होती म्हणून हा आकार, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण खरी अडचण जोराची होती. पाण्याला वर चढायची ताकद नव्हती, म्हणून पिएत्रोने कारंजंच खाली नेलं. होडी भरून वाहते, काठांवरून पाणी गळतं आणि ते ओघळणंच देखावा होतं. दोन्ही टोकांना पाण्यापर्यंत जाणारे दगडी ओटे आहेत, तिथून लोक ओंजळ धरतात. सूर्य आणि मधमाश्या इथेही आहेत.

*नळ स्वतः.* इथून त्रेव्हीला जाताना थोडं वाकडं जाऊन व्हिया देल नाझारेनो या गल्लीत शिरा. कठड्यापलीकडे, रस्त्याच्या पातळीखाली, आक्वा व्हेर्जिनेच्या काही कमानी उघड्या आहेत. त्यावर सम्राट क्लॉडियसचा लेख आहे: गायस सीझरने, म्हणजे कॅलिग्युलाने, बिघडवलेला नळ मी दुरुस्त केला. पुतण्यावर दगडात काढलेला हा राग दोन हजार वर्षं टिकला आहे. जवळच व्हिया देल त्रितोनेवरच्या रिनाशेन्ते या मोठ्या दुकानाच्या तळघरातही याच नळाचा एक तुकडा जपलेला आहे, बघायला तिकीट नाही. दुकान उघडायला वेळ असेल तर तो संध्याकाळवर ढकला.

*त्रेव्ही.* आता गल्लीतून वळताना आधी आवाज येतो, मग एकदम ती प्रचंड भिंत. रुंदी 49 मीटर, उंची 26. चौक मात्र लहान, म्हणून धक्का जास्त बसतो. निकोला साल्वीने 1732 मध्ये काम सुरू केलं. तो 1751 मध्ये वारला आणि काम पुरं झालं 1762 मध्ये.

सगळे मधल्या ओशियानस या समुद्रदेवाच्या पुतळ्याकडे बघतात. तुम्ही आधी जमीन बघा. बार्काच्चासारखाच हा हौद चौकाच्या पातळीखाली आहे आणि पायऱ्या उतरून त्याच्याकडे जावं लागतं. पाणी तेच, जोर तोच. पण साल्वीने पाणी वर उडवायचा हट्ट सोडला, त्याला खडकांवरून पसरून खाली सोडलं आणि त्यातून समुद्र उभा केला.

मग वरचे दोन उठावाचे फलक बघा. एकात अग्रिप्पा नळाचा आराखडा मान्य करतो आहे, दुसऱ्यात एक मुलगी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवते आहे. व्हेर्जिने, म्हणजे कुमारी, हे नाव तिच्यावरून पडलं असं मानतात. खाली दोन घोडे: एक शांत, एक उधळलेला. आणि खडकांत कोरलेल्या वनस्पती शोधा: अंजीर, आयव्ही, केपर आणि अजून कितीतरी. कोपऱ्यात एका खांबाचा तळ तुटल्यासारखा दिसतो. तो तसाच घडवलेला आहे, जणू रानअंजिराच्या मुळांनी भिंत फोडली आहे.

उजव्या कठड्यावर एक मोठा दगडी कलश आहे. समोरच्या न्हाव्याने साल्वीच्या कामाला रोज नावं ठेवली, म्हणून त्याच्या दुकानातून कारंजं दिसू नये यासाठी साल्वीने तो तिथे बसवला, असं सांगतात. कारंज्याच्या बाजूलाच प्यायच्या पाण्याची छोटी तोटी आहे, बाटली तिथे भरा.

नाणं उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं. गोळा झालेले पैसे कॅरितास या कॅथॉलिक संस्थेच्या गरिबांसाठीच्या कामाला जातात. वर्षाला ही रक्कम दहा लाख युरोंच्या वर भरते. रुपयाचं नाणं टाकून त्यांना उपयोग काय? युरोचंच टाका. हौदात हात घालून नाणं काढणं किंवा पाण्यात पाय बुडवणं, दोन्हींना दंड आहे आणि तो शेकडो युरोंत जातो.

गर्दीसाठी आता नियम आहेत. हौदाजवळ एका वेळी साधारण चारशे लोकच सोडतात. 1 फेब्रुवारी 2026 पासून पर्यटकांना दिवसाच्या वेळेत हौदापर्यंत उतरायला 2 युरो शुल्क असल्याचं महापालिकेने जाहीर केलं. वरच्या चौकातून बघणं फुकटच आहे. वेळा बदलत असतात आणि नाणी काढताना थोडा वेळ जवळ जाता येत नाही, म्हणून आदल्या रात्री महापालिकेची साइट बघून घ्या. फोटोसाठी ऊन हवं असेल तर दुपारी या, कारण तोंड दक्षिणेकडे आहे. शांतता हवी असेल तर पहाटेच.

दुसरी फेरी, दुपारी चारनंतर: पँथिऑनपासून जानिकोलोपर्यंत

अग्रिप्पाने आक्वा व्हेर्जिने बांधला तो आपल्या सार्वजनिक स्नानगृहांसाठी, आणि ती पँथिऑनच्या मागच्या बाजूला होती. म्हणून सुरुवात इथे. पँथिऑनच्या आत जायला तिकीट लागतं, समोरच्या कारंज्याला नाही. ते जाकोमो देल्ला पोर्ताचं 1575 चं, त्यावर 1711 मध्ये ओबेलिस्क चढवला. व्हेर्जिनेचं पाणी शहरभर वाटून कारंजी करायचं काम त्या काळी देल्ला पोर्ताकडेच होतं, त्यामुळे याची कारंजी सगळीच बसकी, मोठ्या हौदाची.

*पियात्सा नावोना.* इथे घाई करू नका. डोमिशियनच्या क्रीडांगणाचा आकार चौकाने जसाच्या तसा ठेवला आहे. तीन कारंजी आहेत. दक्षिणेला मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकी माणूस, आणि उत्तरेला समुद्रदेव नेपच्यून, दोन्ही मुळात देल्ला पोर्ताची. मूरची आकृती बर्निनीच्या आराखड्यावरून आली, नेपच्यून थेट 1878 चा.

मधलं चार नद्यांचं, बर्निनीचं, 1648 ते 1651. पोप इनोसंट दहावा. दुष्काळाच्या दिवसांत ब्रेड महागला असताना हा खर्च चालला म्हणून रोमकर संतापले होते. चार खंडांच्या चार नद्या: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. गंगा इथे पुरुष आहे. दाढीवाला, पिळदार, हातात लांब वल्हं, कारण ही नदी नौकानयनाला सोयीची असं युरोपने ऐकलं होतं. घडवला क्लोद पुसँ या फ्रेंच शिल्पकाराने, ज्याने गंगा कधी पाहिली नव्हती. मकरवाहिनी, कलशधारी गंगामाईची सवय असलेल्या डोळ्यांना हा गृहस्थ चांगलाच बुचकळ्यात टाकतो. वल्हं शोधा, तोच तो.

नाईलचं डोकं कापडाने झाकलेलं आहे. गाइड सांगेल की समोरचं बोर्रोमिनीचं सान्त आन्येझे चर्च बघवत नाही म्हणून बर्निनीने ते झाकलं. तारखा जुळत नाहीत. कारंजं 1651 मध्ये पुरं झालं आणि बोर्रोमिनीने चर्चचं काम हातात घेतलं 1653 मध्ये. नाईलचा उगम तेव्हा माहीत नव्हता, म्हणून डोकं झाकलेलं.

मग गुडघ्यात वाकून खडकाच्या पोकळीतून आरपार बघा. एवढा ओबेलिस्क पोकळ खडकावर उभा आहे. हे बघून लोकांना तो कोसळेल अशी भीती वाटायची. एका बाजूने सिंह पाणी प्यायला आला आहे, दुसरीकडून घोडा निघतो आहे. पाणी मात्र कुठेही उंच उडत नाही, कपारींतून येतं. का, ते आता तुम्हीच सांगाल.

सतराव्या शतकापासून ऑगस्टच्या सुटीच्या दिवशी मोऱ्या बुजवून हा सगळा चौक पाण्याने भरायचे आणि श्रीमंतांच्या बग्ग्या त्यातून फिरायच्या. 1860 च्या दशकात ते बंद झालं.

*कासवांचं कारंजं.* नावोनातून आग्नेयेला दहा-बारा मिनिटांवर पियात्सा मात्तेई. गल्ल्या गुंतागुंतीच्या आहेत, फोनवरचा नकाशा उघडाच ठेवा. आराखडा देल्ला पोर्ताचा, ब्राँझचे चार तरुण तद्देओ लांदिनीने 1580 च्या दशकात घडवले. प्रत्येकाचा एक पाय डॉल्फिनच्या डोक्यावर आणि एक हात वर. त्या हातांवर म्हणे आणखी डॉल्फिन बसायचे होते, पण पाण्याचा जोर पुरेना म्हणून ते काढले आणि हात रिकामे राहिले. सुमारे सत्तर वर्षांनी त्या रिकाम्या हातांना कासवं दिली, काठावर चढवायला. बहुधा बर्निनीची कल्पना. एका कासवाची 1979 मध्ये चोरी झाली. आता दिसतात त्या प्रती आहेत. सगळ्या रोममध्ये एकच कारंजं जवळून बघायचं असेल तर मी हे सुचवेन: आकाराने लहान, गर्दी बेताची, आणि त्या तरुणांच्या बोटांच्या टोकापर्यंत नजर पोचते.

*फार्नेझे चौक ते पोन्ते सिस्तो.* पश्चिमेकडे परत या. कॅम्पो दे फिओरीच्या बेकरीतून पांढरा पिझ्झा घ्या, म्हणजे नुसती तेल-मिठाची भाजलेली पोळी, आणि शेजारच्या फार्नेझे चौकात बसून खा. इथली दोन कारंजी म्हणजे काराकाल्लाच्या स्नानगृहांतून आणलेली ग्रॅनाइटची टबं. पाणी इथे बदललं आहे: हे आक्वा पाओला, नदीपलीकडून पोन्ते सिस्तो या पुलावरून आणलेलं. व्हिया जुल्यावरचा मास्केरोने, दगडी मुखवट्याच्या तोंडातून पाणी सोडणारा, त्याच पाण्याचा. पुलापलीकडे त्रिलुस्सा चौकात पायऱ्यांच्या वर एक कमानीचं कारंजं आहे. ते मुळात अलीकडच्या काठावर होतं. नदीला बांध घातले तेव्हा काढून 1898 मध्ये पलीकडे बसवलं.

*फोंतानोने.* आता चढ. व्हिया गारिबाल्दीने पंधरा-वीस मिनिटं, दम खात. गुडघे कुरकुरत असतील तर पुलापलीकडच्या त्रास्तेव्हेरे भागातून टॅक्सी करा, लाजू नका. वर पोचलात की फोंतानोने, म्हणजे मोठं कारंजं, आक्वा पाओलाचा देखावा: पाच कमानींची पांढरी भिंत आणि त्यातून खरोखर ओतणारं पाणी. 1610 ते 1612 मधलं, जोव्हान्नी फोंताना आणि फ्लामिनिओ पोन्झिओ यांचं. संगमरवर नेर्व्हाच्या चौकातल्या मिनर्व्हाच्या देवळाचा, काही खांब सेंट पीटरच्या जुन्या चर्चचे. समोरचा मोठा हौद 1690 मध्ये जोडला. वरच्या लेखात एक घोडचूक आहे: ट्राजनचा नळ दुरुस्त केला असं लिहायच्या ऐवजी आल्सिएतिना या दुसऱ्याच नळाचं नाव कोरलं, आणि चारशे वर्षं ते तसंच आहे.

दर्शनी बाजू पूर्वेला आहे, त्यामुळे संध्याकाळी भिंत सावलीत जाते. पण समोरच्या कठड्यावरून सगळं रोम मावळतीच्या उन्हात दिसतं. पँथिऑनचा चपटा घुमट शोधा आणि सकाळी ज्या टेकडीवरून निघालात ती ओळखा. परत जाताना खाली त्रास्तेव्हेरेत उतरा आणि जेवणासाठी मुख्य गल्ली सोडून दोन वळणं आत शिरा. बाहेर फोटोंचा मेनू लावलेला असेल तिथे बसू नका.

कारंजं बंद मिळालं तर

हे होतंच. चुना साठतो, शेवाळं येतं, म्हणून एखादं ना एखादं सफाईसाठी रिकामं केलेलं किंवा पत्र्याआड असतं. कोरडा हौद मिळाला तर तोंड वाकडं करू नका. तोट्या कुठे आहेत, तळ किती उथळ आहे, दगडावर पाण्याची रेघ कुठवर आहे, हे पाणी असताना दिसत नाही. मात्र जोराचा वारा असेल तर मोठ्या धारा कमी करतात, अशा दिवशी त्रितोनेला संध्याकाळी पुन्हा एकदा बघा.

एक दिवस जास्त असेल तर

रोमपासून सुमारे तीस किलोमीटरवर तिव्होलीला व्हिला देस्ते आहे. कार्डिनल इप्पोलितो देस्तेची सोळाव्या शतकातली उद्यानवाडी, आराखडा पिर्रो लिगोरिओचा, आणि 2001 पासून युनेस्कोच्या यादीत. आनिएने नदीचं पाणी टेकडीच्या पोटातून बोगद्याने आणून उतारावरच्या सगळ्या बागेत पसरवलं आहे. इथे जोर इतका की पाण्याने वाजणारा ऑर्गन चालतो. तो ठरावीक वेळांनाच वाजतो, म्हणून तिकीट घेतानाच पुढची वेळ विचारा आणि बाकीची बाग त्याच्या भोवती बेता. मेट्रोच्या बी लाइनने पोन्ते माम्मोलोला जाऊन कोत्राल कंपनीची निळी बस धरा, परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. सोमवारी उघडायची वेळ वेगळी असू शकते, ती निघण्याआधी बघा. बाग उतरत जाते, त्यामुळे येताना शे-दीडशे पायऱ्यांचा चढ असतो. ऑर्गन बघून झाल्यावर पाणी पिऊन, सावलीत थोडं बसून मगच वर निघा.